डाव्या पोटरीला लागलेला गारवा

मी जेवायला बसलो की आमची मंडळी म्हणते, "आधी डोक्यातली गाडी बंद करा, मग घास घ्या." तिचं खरं आहे. भवानीनगरच्या रस्त्याला माझं गॅरेज, मागच्या बाजूला घर. उभी हयात मोटारसायकलींची इंजिनं उघडण्यात गेली. आता हात थरथरतात म्हणून जड काम बंद केलंय, पण कान काही रिटायर होत नाहीत. रस्त्यानं एखादी गाडी फट्-फट् करत गेली की माझा घास हातातच राहतो. मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाबाहेर कुणाची तरी गाडी मिसिंग मारत, मधेच ठोका चुकवत होती. मी अक्षता मुठीत घेऊनच बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पंगत बसलेली, अक्षता मुठीतच. ती गोष्ट आमच्याकडं अजून दर लग्नात निघते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेकॅनिकचं काम म्हणजे पाना फिरवायचा. पाना फिरवणं सगळ्यात सोपं. अवघड असतं ते इंजिनकाम झाल्यानंतरचे दिवस. इंजिनकाम म्हणजे काय, तर पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते झिजलं की त्याला बोर मारायचा, नवा पिस्टन, नव्या रिंगा घालायच्या, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. गाडीचं काळीजच बाहेर काढून परत घालायचं म्हणा. त्यानंतर नवे भाग एकमेकांना सरावेपर्यंत गाडी चाळीसच्या वर पळवायची नाही, हे मी प्रत्येकाला बजावतो आणि ते कुणीही ऐकत नाही. इंजिनकाम झाल्यावर गाडीला काहीही होवो, हॉर्न वाजो न वाजो, टायर पंक्चर होवो, मेकॅनिकच्या नावानं शिमगा ठरलेला. सांगवीचे एक गुरुजी तर इंजिनकामानंतर आठवड्यानं आले आणि म्हणाले, "गाडी चांगली चालतीय, पण आवाज गेला." म्हटलं, गुरुजी, तो खडखडाट होता, तो जायलाच पाहिजे. ते म्हणाले, "आवो, पण त्या आवाजावर घरात चहा ठेवत हुते. आता मी दारात येऊन उभा राहतो तरी कुणाला पत्ता न्हाय." त्याला माझ्याकडं औषध नव्हतं. मी त्यांना हॉर्न मोठा बसवून दिला.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर आणि बेतात मिळाल्या की ते बिचारं तक्रार करत नाही. म्हणून गाडी बिघडली की मी तीनच प्रश्न विचारायचो. पेट्रोल जास्त होतंय का, ठिणगी कमी पडतेय का, हवा कुठून चोरून आत येतेय का. हवा कमी पडली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते. चुलीत लाकडं कोंबून फुंकणीच घेतली नाही तर जसा धूर होतो, तसंच. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता दिलीपची गोष्ट.

दिलीप लासुर्ण्याचा. डेअरीच्या वतीनं गाईंना कृत्रिम रेतन करायचं त्याचं काम. आमच्या भागात त्याला कुणी असलं नाव घेत नाही, सरळ 'गाय भरवणं' म्हणतात आणि दिलीपला म्हणतात दिलीप डॉक्टर. चांगल्या वळूचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवलेलं असतं. त्या कांड्या पातळ नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. नायट्रोजन इतका थंड की बोट घातलं तर बोट जाईल. त्याचं भांडं म्हणजे दुहेरी भिंतीचा एक थर्मासच. दिलीप ते भांडं गाडीवर बांधून दिवसभर वस्त्यावस्त्यांवर फिरायचा. गाय माजावर आली की फोन येतो, आणि माज म्हणजे काही तासांचा कारभार. वेळ चुकली की गेली. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, हे कळायला तीन आठवडे लागतात. तोवर दूध घटत जातं आणि घरातल्या बाईचा जीव टांगणीला.

त्याची गाडी जुनी, कार्बोरेटरची. मी तिचं इंजिनकाम केलं आणि झकास केलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. गाडीत दम आल्यावर दिलीप खूश. आधी तो भांडं मागच्या सीटवर गोणपाटाची घडी टाकून बांधायचा. आता म्हणाला, "तात्या, गाडी आता दोघांना वढती, तवा बायकोला माहेरी न्यायला मागची सीट मोकळी पायजे." शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं डाव्या अंगाला लोखंडी कडं करून घेतलं आणि भांडं त्यात बसवलं. उन्हाचे दिवस म्हणून बायकोनं त्या भांड्याला जाड कॅनव्हासचा अंगरखा शिवून दिला होता. मीच म्हणालो, छान दिसतंय.

थोड्याच दिवसांत दिलीप परत आला.

"तात्या, थांबली की बंद पडती. पळताना बरी हाय, पण वस्तीवर सावकाश घेतली की गुदमारती आणि मरती. मग किका मारून मारून पाय जातो."

त्यानं गाडी लावली, भांडं सोडवून भिंतीच्या सावलीला नेऊन ठेवलं. मी प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट. कार्बोरेटर खोलला, धुतला, फुंकला, नवा प्लग घातला. गाडी चालू केली तर शिवणाच्या मशिनसारखी सुरू. बघ म्हटलं, कशी गाती. दिलीप भांडं कड्यात बसवून गेला आणि दोन दिवसांनी परत हजर.

हे असं चालू झालं. तो यायचा, भांडं उतरवून सावलीला ठेवायचा, मी काहीतरी बदलायचो, गाडी माझ्या दारात चांगली चालायची आणि कालव्याच्या पलीकडं गेली की मरायची. मी ठिणगीची कॉइल बदलली. पेट्रोल बेतात ठेवणारा फ्लोट बदलला. हेड परत उघडलं, व्हॉल्व्ह बघितले, कुठं वावगं नाही. रात्री अंथरुणात मला तिचा तो गुदमरलेला आवाज ऐकू यायचा. माझ्या दारात ती कधी गुदमरली नव्हती, तरी ऐकू यायचा. मंडळी म्हणाली, "तुमी झोपेत किक मारताय." चिडचिड इतकी वाढली की चांगल्या गाड्या घेऊन येणाऱ्यांवर मी खेकसायला लागलो. एकाला म्हणालो, तुझी गाडी चांगली चालतीय तर इथं कशाला आणलीस? तो म्हणाला, तात्या, हवा भरायला आलोय.

दिलीपचा चेहरा मात्र दर खेपेला उतरत चालला होता. शेवटी एकदा त्यानं सांगून टाकलं. गाई उलटत होत्या. एक नाही, दोन नाही, वस्त्याच्या वस्त्या. लोक म्हणायला लागले, दिलीप डॉक्टरचा हात गेला. डेअरीच्या सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून या भागाला दुसरा माणूस येईल.

"माझा हात न्हाय गेला, तात्या," तो म्हणाला. "गाडी बंद पडती, मला पोचायला उशीर हुतो, माज निघून जातो. गाडी नीट असती तर ही पाळीच आली नसती."

म्हणजे फिरून सगळं माझ्याच दारात आलं.  

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू आल्या. कालव्यापलीकडच्या वस्तीवरच्या. त्यांना एकच गाय, काळीपांढरी, कपाळावर चांदवा, नाव चिमणी. आकारानं चांगली म्हशीएवढी, पण नाव चिमणी. काकू दुधाच्या टेम्पोतून उतरल्या त्या थेट माझ्यासमोर.

"तूच व्हय रं दिलीपची गाडी दुरुस्त करणारा?"

"मीच, काकू."

"माझी चिमणी दोनदा उलटली. आता परत माजावर आली की शेवटची बारी. घरात पोरगा म्हणतोय भाकड जनावर किती दिस पोसायचं. तू गाडी नीट करतुयास का मी दुसरा मेस्त्री बगून दिऊ त्याला?"

गाय गाभण राहावी म्हणून मेकॅनिकला दम देणारी बाई मी आयुष्यात एकदाच पाहिली. हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. म्हटलं, करतो काकू. जाताना त्या म्हणाल्या, "लई गुणाची हाय रं. माझ्या हाताबिगर पानी बी पीत न्हाय."

त्या आठवड्यात चिमणी माजावर आली, दिलीपनं भरवली, आणि पुन्हा तीन आठवडे वाट बघणं सुरू झालं. तीन आठवडे संपत आले तरी गाडी मरतच होती आणि माझा धीर संपला. गाडी माझ्या दारात बिघडत नाही ना, मग जिथं बिघडते तिथं मी जातो, असं ठरवून एका सकाळी मी गॅरेजला कुलूप लावलं आणि दिलीपच्या मागं बसलो. गिऱ्हाइकं बघतच राहिली.

मे महिन्याचं ऊन. लासुर्ण्याच्या पुढं रस्ता सोडून उसातल्या पाणंदीला लागलो. खड्डे असे की दात वाजत होते, आणि दातांच्या जोडीला कड्यातलं भांडंही खडखडत होतं. मी कान इंजिनाला लावून बसलेलो. उजव्या पायाला सायलेन्सरची झळ लागत होती, पण डाव्या पोटरीला मात्र गार वाटत होतं. बरं वाटलं. कालव्याचा गारवा असेल म्हटलं. नंतर कालवा उजव्या हाताला गेला तरी गारवा डाव्याच पोटरीला.

एका वस्तीवर दिलीपनं गाडी सावकाश घेतली आणि ती गुदमरली. प्रत्यक्ष कानांनी ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. गाडी मेली. मी खाली उतरलो, गुडघ्यावर बसलो, डाव्या पॅनेलपाशी हात नेला. तिथं आत एअर फिल्टर असतो, गाडी तिथून श्वास घेते म्हणा. हाताला थंडगार झुळूक लागली. एवढ्या उन्हात. वर पाहिलं तर कड्यात दिलीपचं भांडं, अंगरखा घातलेलं.

"दिलीप, हे भांडं सोड बरं."

त्यानं नेहमीसारखं जपून सोडलं आणि झाडाखाली नेऊन ठेवलं. मी किक मारली. गाडी सुरू झाली आणि सावकाश, एका लयीत चालत राहिली. आम्ही दोघं बघत उभे. मग मी ते भांडं उचलून आणलं आणि फिल्टरच्या तोंडाशी धरलं. गाडी अडखळली, खोकली, मेली. लांब नेलं, चालू केली, चालली. जवळ आणलं, मेली. मी वेड्यासारखा ते परत परत करत होतो. वस्तीवरची माणसं गोळा झाली.

"तुझा नायट्रोजन पितीय ती," मी म्हणालो. "हवेच्या जागी भांड्यातनं उडालेला हाच वायू वढतीय, त्यावर पेट्रोल जळंल कसं? पळताना वाऱ्यानं उडून जातो, थांबली की सगळा आत. आणि माझ्याकडं आलास की तू भांडं आधी उतरवून ठेवतोस, मग मला काय कपाळ दिसणार?"

मी जिंकल्यासारखा बोलत होतो. पण दिलीप माझ्याकडं बघत नव्हता. तो भांड्याकडं बघत होता. खाली बसला आणि त्यानं अंगरख्याच्या नाड्या सोडल्या. आतल्या भांड्याला गळ्यापासून खांद्यापर्यंत पांढरंशुभ्र बर्फ धरलेलं. त्यानं लाकडी पट्टी आत घालून बाहेर काढली. पट्टी तळाशी चार बोटंच पांढरी झाली, म्हणजे नायट्रोजन तेवढाच उरलेला.

"सकाळी भरून घेतलं हुतं," तो म्हणाला. "रोज भरतो. मला वाटायचं उन्हानं आटतंय."

"म्हणजे?"

"भांडं फुटलंय तात्या, आतल्या भिंतीतनं. त्या कड्यात आपटून. दुपारपतुर निम्म्याहून जास्त उडून जातंय." त्यानं पट्टी खाली ठेवली. "कांड्या उघड्या पडत्यात. मेलेल्या कांड्या भरत हुतो मी. उशिरानं काय झालं न्हाय. मी येळंवर गेलो असतो तरी हेच झालं असतं."

तो तिथंच मातीत बसून राहिला.  माझ्या डोक्यातली गाडी बंद झाली होती, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि मला त्याचं काही सुख वाटत नव्हतं.

आम्ही डेअरीवर गेलो. सेक्रेटरींनी भांडं पाहिलं, ताबडतोब नवं दिलं आणि दार लोटून म्हणाले, "झालं ते झालं. गावात बोंब करू नका. भांडं बदललं, आता गाई राहत्याल. लोक इसरत्यात." माणूस वाईट नव्हता. दिलीपला दुसरीकडं हलवायचंही त्यांनी तिथल्या तिथं रद्द केलं. म्हणजे दिलीपला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. गप्प बसायचं, एवढंच.

बाहेर आल्यावर दिलीप म्हणाला, "तात्या, लोक जनावराला दोष देत्यात. कुणी गाय बदलाय निघालंय, कुणी इकाय. मी गप कसा बसू?"

"नोकरी जाईल तुझी," मी म्हणालो.

"जाऊ दे. तुमी येताय का? वाटंत गाडी बंद पडली तर?"

गाडी बंद पडणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. भांडं पुन्हा मागच्या सीटवर गोणपाटावर बांधायचं होतं, म्हणून मी घरी येऊन माझी गाडी काढली आणि त्याच्या मागं निघालो. तो वस्तीवर जायचा, गाडी चालूच ठेवून उतरायचा आणि दारातल्या माणसाला सरळ सांगायचा की तुमची गाय उलटली ती माझ्या भांड्यामुळं, गाईत खोट नाही. एका आबांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि शिव्या संपल्यावर चहा ठेवायला सांगितला. एकानं नुसतं दार लावून घेतलं. एक जण म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, उद्या बाजारला न्यायची हुती." ते ऐकल्यावर दिलीपचा वेग वाढला. मग मधल्या दारांवर तो थांबेचना. गाडी थेट कालव्याकडं वळवली. कुणाकडं, ते मला सांगायची गरज नव्हती.

शेवंताकाकूंच्या गोठ्यात खुंटा होता, दावं होतं, गव्हाणीत हिरवी वैरण तशीच पडली होती. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत.

दिलीपनं सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि खुंट्याकडं बोट केलं.

"काल परत उलटली," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच नेली व्यापाऱ्यानं. जाता जाता मी लई बोलले रं तिला. वांझुटी म्हणाले. पाठीत चापट बी मारली. वळून वळून बघत हुती."

 काकूंनी माझ्याकडं बघितलं.

"गाडी नीट झाली का रं?"

"झाली, काकू."

"मग जा की दोघं. गावली तर तिला सांगा, तिच्यात काय खोट नव्हती म्हणावं."

आम्ही व्यापाऱ्याच्या गोठ्याकडं निघालो. दिलीप चाळीसनं चालला होता, कारण मीच त्याला शंभरदा बजावलं होतं की नव्या इंजिनाला चाळीसच्या वर नेऊ नकोस. मी गाडी त्याच्या बरोबरीला घेतली आणि ओरडलो, "पळव! मातीत गेलं ते इंजिन. पुन्हा करून देतो." त्यानं पळवली. गाडी कुठं अडखळली नाही, खोकली नाही. एवढ्या सुरेख चाललेल्या गाड्या मी माझ्या धंद्यात थोड्याच पाहिल्या असतील. व्यापाऱ्याच्या दारात पोहोचलो तर दोन ट्रक भरून गेलेले. कुठं, तर तो म्हणाला, निम्मी जनावरं इंदापूरच्या बाजाराला, निम्मी पुढं घाटाखाली. काळीपांढरी कशात चढली, त्याला आठवत नव्हतं. इंदापूरच्या बाजारात आम्ही संध्याकाळपर्यंत हिंडलो. काळ्यापांढऱ्या गाई ढिगानं होत्या. चांदव्याची एकही नव्हती.

दिलीपची नोकरी राहिली. लोकांनी राग धरला, मग सोडला. शिव्या देणाऱ्या आबांनी तर पुढची गाय भरवायला त्यालाच बोलावलं आणि ती पहिल्या फेरीत राहिली. काकूंनी दुसऱ्या वर्षी एक कालवड घेतली, तीही दिलीपच भरवतो. तिचं नाव मात्र त्यांनी ठेवलेलं नाही, नुसतं 'कालवड' म्हणतात, आता ती व्यायला आली तरी. मी अजून गॅरेजात आलेल्या प्रत्येकाला आधी विचारतो, गाडीला काय बांधतोस, कुठं बांधतोस. पोरं हसतात. आता कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्यात, कॉम्प्युटर लावला की दोष सांगतो. सांगू दे बापडा.

इंदापूरला कामानिमित्त गेलो आणि बाजाराचा दिवस असला, तर मी आत एक चक्कर मारून येतो. जनावरांच्या कपाळांकडं बघत हिंडतो, व्यापाऱ्यांना वाटतं गिऱ्हाईक आलं. काकू कुठं भेटल्या, कुणाच्या कार्यात, एस्टी स्टँडवर, तर माझी तब्येत विचारत नाहीत, मंडळीची विचारत नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात एवढंच विचारतात, "गावली का रं?"

आणि मी दर वेळी म्हणतो, "न्हाय अजून, काकू."